मूल उशिरा बोलतंय? कोणत्या क्रमाने काय करायचं

मागच्या महिन्यात एक आई तीन वर्षांच्या लेकाला घेऊन आली. फाईल जाडजूड. रक्ताच्या तपासण्या, मेंदूचा एमआरआय, टॉनिकच्या तीन चिठ्ठ्या, बालवाडीतून लिहून दिलेला ‘मूल बोलत नाही’ असा कागद. कानाच्या तपासणीचा कागद मात्र नव्हता. सोलापुरात स्पीच थेरपिस्ट म्हणून काम करताना अशा फाईली मी पुन्हा पुन्हा बघते. आईबाप धावपळ करायला कमी पडत नाहीत. चुकतो तो क्रम. आणि क्रम चुकला की सहा-आठ महिने हातचे जातात. दोन वर्षांच्या मुलासाठी आठ महिने म्हणजे त्याच्या आयुष्याचा तिसरा हिस्सा.

हा लेख एक ते तीन वर्षांच्या मुलांच्या घरच्यांसाठी आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. मधला टप्पा ‘नंतर बघू’ म्हणून सोडू नका, विशेषतः दुसरा.

## आधी हे बघा: वाट बघायची नाही अशा खुणा

पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली तर वही-बिही नंतर. त्याच आठवड्यात मुलांच्या डॉक्टरांकडे जा.

- कोणत्याही वयात आलेले शब्द, हसणं, टाटा करणं गेलं असेल. आधी ‘बाबा’, ‘दूध’ म्हणायचं आणि आता म्हणत नाही, ही सगळ्यात गंभीर खूण.
- आवाजाला वळत नाही, किंवा कधी वळतं, कधी नाही.
- १२ महिन्यांचं झालं तरी बडबड नाही, हात वर करून ‘उचल’ म्हणणं नाही, टाटा नाही.
- १६ महिन्यांपर्यंत अर्थाचा एकही शब्द नाही.
- १८ महिन्यांपर्यंत बोटाने काही दाखवत नाही. हवी ती वस्तू तुमचा हात धरून ओढत नेऊन घेतं, पण ‘ते बघ’ म्हणून बोट करत नाही.
- २४ महिन्यांपर्यंत स्वतःच्या मनाने दोन शब्द जोडत नाही. ‘बाबा ये’, ‘दूध दे’ असं काहीच नाही.

मूल दिवसांच्या आधी जन्मलं असेल तर दोन वर्षांचं होईपर्यंत तेवढे आठवडे वजा करून वय धरा. दोन महिने आधी जन्मलेलं १४ महिन्यांचं बाळ बोलण्याच्या हिशेबात १२ महिन्यांचं.

इशारा: ‘त्याचा बाप पण साडेतीन वर्षांनी बोलला की!’ हे वाक्य मी जवळपास प्रत्येक आजीच्या तोंडून ऐकलं आहे. त्यात खोटं काही नसतं. उशिरा बोलणारी बरीच मुलं पुढे बरोबरीला येतातही. पण कोणतं येणार आणि कोणतं मागे राहणार, हे दोन वर्षांच्या मुलाकडे नुसतं बघून कुणालाच सांगता येत नाही. शिवाय घरात आधी कुणी उशिरा बोललं असेल, तर लवकर तपासायला ते आणखी एक कारण झालं. थांबायचं कारण नव्हे.

## टप्पा १: आठवडाभर वही ठेवा

डॉक्टरांसमोर मूल एक तर रडतं, नाहीतर गप्प बसतं. ‘किती शब्द येतात?’ विचारलं की आई म्हणते दहा-बारा, बाबा म्हणतात पन्नास, आजी म्हणते सगळं बोलतो. म्हणून आधी वही.

शंभर पानी वही घ्या आणि तीन भाग पाडा.

पहिला भाग: शब्द. मूल जो शब्द स्वतःहून, दरवेळी त्याच अर्थाने वापरतं, तो मोजायचा. उच्चार वेडावाकडा असला तरी चालेल. गाडीला दरवेळी ‘गागी’ म्हणत असेल तर तो शब्द झाला. कुत्र्याला ‘भू’, मांजरीला ‘माऊ’, बाहेर जायला ‘भुर्र’, हेही शब्दच. तो कसा म्हणतो ते आणि त्याचा अर्थ, दोन्ही लिहा.

काय मोजायचं नाही? मोबाईलवरून पाठ झालेलं. ‘त्याला एबीसीडी येते, वन टू टेन येतं, सगळे कलर येतात’ असं सांगणारे पालक मला आठवड्याला भेटतात. त्याच मुलाला तहान लागली की ते माठाजवळ उभं राहून रडतं. ‘पाणी’ म्हणत नाही. पाठ झालेले आवाज आणि दुसऱ्याशी बोलायला वापरलेला शब्द या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाठांतर वहीच्या शेवटच्या पानावर लिहा, शब्दांच्या यादीत नको.

दुसरा भाग: समज. इथे घरचे सगळ्यात जास्त फसतात. तुम्ही पिशवी हातात घेऊन दाराकडे बघत ‘चप्पल आण’ म्हणता, मूल चप्पल आणतं. त्याला शब्द कळला, की पिशवी बघून कळलं? तपासायचं असेल तर खाली बसा, दोन्ही हात मांडीवर ठेवा, नजर मुलाच्या चेहऱ्यावर ठेवा आणि नेहमीच्या वेळेला सोडून भलत्याच वेळी म्हणा, ‘चप्पल कुठाय?’ बोट नाही, मान वळवणं नाही. असे दहा शब्द आठवड्यात तपासा. किती कळले ते लिहा.

बोलणं कमी पण समज चांगली, आणि बोलणंही कमी व समजही कमी, या दोन मुलांचे रस्ते वेगळे असतात. तपासताना मी आधी समज बघते, शब्द मागाहून.

तिसरा भाग: मागतं कसं. भूक लागली, खेळणं हवं, नको असलेलं ताटात आलं, तेव्हा मूल काय करतं? रडतं, ओढतं, बोट करतं, आवाज काढतं, तुमच्या डोळ्यांत बघतं? जसं घडलं तसं लिहा.

याच आठवड्यात दोन-दोन मिनिटांचे तीन व्हिडिओ काढा: खेळताना, जेवताना, घरच्या कुणाशी बोलताना. ‘बोल बाळा, आत्याला नाव सांग’ असं करून काढलेला व्हिडिओ कामाचा नाही. मोबाईल कपाटावर टेकवून ठेवा आणि विसरून जा.

तपासून घ्या: जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, कावीळ झाली होती का, काचेच्या पेटीत ठेवलं होतं का, कान वाहतो का, वारंवार सर्दी होते का. एवढं वहीच्या पहिल्या पानावर आलंच पाहिजे.

## टप्पा २: कान. दुसरं काहीही करण्याआधी

या टप्प्यावर मी अडून बसते, आणि त्याला कारण आहे.

कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे सव्वादोन वर्षांचा एक मुलगा यायचा. वडील सांगायचे, ‘कानाचं काही नाही मॅडम, टीव्हीवर जाहिरात लागली की आतल्या खोलीतून पळत येतो.’ मला ते पटलं. तपासणीचा आग्रह न धरता मी थेरपी सुरू केली. पाच महिन्यांत काडीचा फरक पडला नाही. मग तपासणी केली, तर दोन्ही कानांना मध्यम प्रमाणात कमी ऐकू येत होतं. जाहिरातीचा ठणाणा त्याला ऐकू जायचा. ‘स’, ‘श’, ‘फ’ असले हलके आवाज जायचे नाहीत. मी बोलत होते आणि त्याच्यापर्यंत अर्धवट तुकडे पोचत होते. ते पाच महिने माझ्या चुकीने गेले. तेव्हापासून कानाचा कागद बघितल्याशिवाय मी एकाही मुलाचा कार्यक्रम आखत नाही.

घरी थाळी वाजवून, टाळी वाजवून केलेली परीक्षा धरू नका. थाळीचा आवाज फार मोठा असतो, हात हललेला दिसतो, जमिनीला कंप येतो. कुकरच्या शिट्टीला दचकणाऱ्या मुलालाही बोलणं नीट ऐकू येत नसेल, असं होऊ शकतं. ‘जन्मल्यावर तपासणीत पास झाला होता’ हेही पुरेसं नाही. ऐकू येणं नंतर कमी होऊ शकतं, आणि कानाच्या पडद्यामागे पाणी साठल्यानेही बोलणं दबल्यासारखं ऐकू येतं.

साधारण तीन तपासण्या असतात. ओएई: कानात छोटा बोळा घालतात, काही मिनिटांत होते. टिम्पॅनोमेट्री: पडद्यामागे पाणी आहे का ते कळतं. बेरा: डोक्याला आणि कानामागे चिकटपट्ट्या लावून, मूल झोपलेलं असताना, आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघतात. बोलण्यात उशीर असेल तर नुसत्या ओएईवर समाधान मानू नका. कानाच्या आतला भाग ठीक आणि पुढच्या नसेत दोष, असं असलं तर ओएई पास येते. ‘बेरा करायची का?’ हे स्वतः विचारा.

बेराची तयारी बहुतेकांची फसते ती झोपेपाशी:

1. आदल्या रात्री मुलाला नेहमीपेक्षा उशिरा झोपवा, सकाळी लवकर उठवा.
2. वाटेत झोपू देऊ नका. जुळे सोलापुरातून किंवा नई जिंदगीतून रिक्षात बसलात की वाऱ्याने पंधरा मिनिटांत मूल गाढ झोपतं, आणि तपासणीच्या खोलीत टक्क जागं असतं. रिक्षात दोघं जण बसा. एकाचं काम फक्त त्याला जागं ठेवणं.
3. त्याचं रोजचं पांघरूण आणि दूध सोबत घ्या. डोक्याला तेल लावू नका, चिकटपट्ट्या बसत नाहीत.
4. औषध देऊन झोपवणार असतील तर किती तास आधी खाणं-पिणं बंद ठेवायचं, ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.
5. सर्दी किंवा कान वाहत असेल तर आधी सांगा. कानात मळ असेल तर डॉक्टरांकडून काढून घ्या. घरी काडी, कोमट तेल नको.

तपासून घ्या: रिपोर्टमध्ये डाव्या आणि उजव्या कानाचा निकाल वेगवेगळा लिहिलेला हवा. ‘नॉर्मल’ एवढंच तोंडी ऐकून उठू नका, कागद घ्या. पडद्यामागे पाणी निघालं तर उपचारानंतर पुन्हा तपासणीची तारीख त्याच दिवशी ठरवा. कानाचं यंत्र सांगितलं तर ते झोप आणि आंघोळ सोडून दिवसभर लावायचं. फक्त थेरपीच्या तासाला लावून उपयोग नाही.

## टप्पा ३: मुलांचे डॉक्टर आणि सरकारी वाट

वही, व्हिडिओ आणि कानाचा कागद घेऊन मुलांच्या डॉक्टरांकडे जा. ते एकूण वाढ बघतील: चालणं, खेळणं, डोळ्यांत बघणं. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी एम-चॅट नावाची २० प्रश्नांची हो-नाही अशी यादी असते. ऑटिझमची (म्हणजे स्वमग्नतेची) शंका घ्यावी का, एवढंच तिच्यातून कळतं. गुण जास्त आले म्हणजे निदान झालं असं नव्हे, आणि कमी आले म्हणून बोलण्यातला उशीर नाहीसा होत नाही. नेटवरून स्वतः भरून आठवडाभर रडत बसलेल्या आया मी बघितल्यात. डॉक्टरांसमोर बसून भरा.

खर्चाचा प्रश्न असेल तर तीन दारं आहेत. पहिलं अंगणवाडी. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम चालू आहे. त्याचं डॉक्टरांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं, आणि वाढीतला उशीर त्या तपासणीत येतो. पथक येईपर्यंत थांबू नका, सेविकाताईंना आजच सांगा. पथकाला शंका आली तर ते जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे चिठ्ठी देतं. दुसरं दार आशाताई. तिसरं आपलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं असल्याने तिथे बालरोग आणि कान-नाक-घसा हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. सकाळी लवकर केसपेपर काढा. आधी बालरोग, तिथून चिठ्ठी घेऊन कानाकडे. अक्कलकोट, मोहोळकडून येणार असाल तर एसटीची वेळ बघून नंबर लागेल असं निघा.

इशारा: या टप्प्यावर पैसा आणि वेळ जातो अशा गोष्टी.

‘जीभ चिकटलेली आहे, कापून घ्या.’ जिभेखालची शीर आखूड असेल तर बाळाला दूध ओढायला त्रास होऊ शकतो, मोठेपणी एखादा उच्चार अडू शकतो. पण मूल शब्दच बोलत नाही, दोन शब्द जोडत नाही, याचं कारण ती शीर नसते.

बोलायचं टॉनिक. असं औषध नाही. रक्त कमी असेल, थायरॉईडचा दोष असेल तर त्याचं औषध घ्यायचं, ते डॉक्टर सांगतील.

वेखंड-मध चाटवणं, पोपटाचा उष्टा पेरू भरवणं. आजीच्या मायेबद्दल मला आदरच आहे, म्हणून एवढंच सांगते: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात देऊ नका, त्यातून जिवावर बेतणारी विषबाधा होऊ शकते. आणि पेरू खायचा तो धुऊन.

## टप्पा ४: थेरपिस्ट निवडणं आणि पहिली भेट

पाटीवर काय लिहिलंय यापेक्षा शिक्षण विचारा. बीएएसएलपी किंवा एमएएसएलपी ही आमची पदवी, आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक. तो विचारला म्हणून राग यायला नको. येत असेल तर दुसरीकडे जा.

पहिल्या भेटीला मुलाच्या झोपेची आणि जेवणाची वेळ सोडून वेळ मागा. त्याची आवडती दोन खेळणी न्या. आणि मुलाजवळ दिवसभर जे असतं त्याला सोबत आणाच. आई-बाबा दोघे कामाला, मूल आजीजवळ, आणि भेटीला फक्त बाबा, असं झालं तर अर्धी माहिती घरीच राहते.

भेट संपताना चार गोष्टी विचारून लिहून घ्या:

1. माझं मूल आत्ता कोणत्या वयाच्या पातळीला समजतंय आणि कोणत्या पातळीला बोलतंय?
2. पुढच्या तीन महिन्यांत नेमकं काय साधायचं आहे?
3. घरी रोज काय करायचं? एकदा माझ्यासमोर करून दाखवाल का?
4. आता मी करते, तुम्ही बघून चुका सांगाल का?

चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एक-दोन वर्षांच्या मुलासोबत आठवड्यातले दोन तास मी असते, बाकी सगळे तुम्ही असता. मूल आत, आई बाहेरच्या बाकावर, पाऊण तासाने ‘चांगलं झालं, न्या’, अशी थेरपी या वयात फारशी कामाची नाही. आत बसू द्या म्हणा.

‘सहा महिन्यांत नक्की बोलता करतो’ अशी हमी मिळाली तर उठा. नुसत्या मेणबत्त्या फुंकायला, शिट्ट्या वाजवायला, गाल मसाज करायला लावत असतील तर विचारा, याने शब्द कसे येणार? फुंकर मारता येणं आणि बोलता येणं यांचा तसा संबंध नाही. शब्द हे माणसासोबतच्या देवाणघेवाणीतून येतात.

करमाळा, सांगोल्याहून दर आठवड्याला येणं जमत नसेल तर महिन्यातून एक प्रत्यक्ष भेट आणि मधे व्हिडिओ कॉलवर आईला शिकवणं, असं ठरवून घ्या. ते चालतं.

## टप्पा ५: घर

इथेही क्रम आहे. आधी आवाज आणि स्क्रीन कमी, मग समोरासमोर बसणं, मग शब्द.

आधी जागा शांत करा. टीव्ही कुणी बघत नसताना चालू असेल तर बंद. घरात किंवा शेजारी यंत्रमाग असेल तर त्या खडखडाटात मुलाला शब्द वेगळे काढता येत नाहीत. माग बंद असतो ती वेळ किंवा लांबची खोली निवडा. मोठ्याने ओरडून बोलणं हा त्यावरचा उपाय नाही. जवळ जाऊन बोला.

मग मोबाईल. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नाहीच, व्हिडिओ कॉलवर मामाशी बोलणं तेवढं ठीक. दोन ते पाच वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही सोबत बसून. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला असाच आहे. एकदम सगळं बंद करायचं धाडस होत नसेल तर पहिल्यांदा जेवणाच्या वेळचा मोबाईल काढा. पहिले चार-पाच दिवस मूल थैमान घालतं, दोन घास कमी खातं. घरातल्या सगळ्यांनी एकच ठरवा. आईने काढून घेतलेला फोन आजोबांनी हळूच दिला, तर जास्त रडलं की मिळतो हे मूल शिकतं.

आता बसा. मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला, समोर. ते ज्याच्याशी खेळतंय त्याच्याशीच खेळा. त्याला झाकण फिरवायचं असेल तर तुम्ही चित्रांचं पुस्तक पुढे करू नका, दुसरं झाकण घ्या आणि फिरवा. दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं. सलग एक तास बसवलेलं मूल पळूनच जाणार.

शब्द कसे द्यायचे, ते एका आजीकडून शिका. साखर पेठेतली ही आजी, नातू दोन वर्षांचा, शब्द चारच. ‘खेळायला मला वेळ नाही बाई, भाकऱ्या कोण करणार?’ म्हणाली. मी म्हटलं, भाकऱ्या करतानाच करू. नातवाला परातीसमोर, चुलीपासून लांब बसवलं. हातात लिंबाएवढा पिठाचा गोळा. आजी थापायची आणि म्हणायची, ‘थाप, थाप, थाप.’ तव्यावर टाकताना ‘गरम!’ उलटताना ‘उलट.’ भाकरी फुगायला लागली की डोळे मोठे करून ‘फुग्गली!’ रोज तेच चार शब्द, त्याच क्रमाने, त्याच सुरात. आठ-दहा दिवसांनी तिला सांगितलं, आता मधेच थांबायचं. हात हवेत धरायचा, नातवाकडे बघायचं, आणि मनात दहापर्यंत मोजायचं. काही बोलायचं नाही. पहिल्या दिवशी तो नुसता आजीच्या हाताकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याने स्वतःच्या गोळ्यावर हात आपटला आणि म्हणाला, ‘ताप.’ आजीने लगेच थापलं, ‘थाप, थाप!’ पीठ सगळीकडे झालं असेल, होऊ दे.

त्या भाकरीत सगळं आहे. रोजचं काम निवडलं, नवा खेळ आणला नाही. शब्द थोडे, ठसठशीत. पुन्हा पुन्हा तेच. मग थांबणं. आणि मुलाने अर्धामुर्धा प्रयत्न केला की लगेच फळ. तुमच्या घरात आंघोळ, कपडे घालणं, जिना उतरणं, दारातल्या गाईला पोळी देणं, यातली तीन कामं निवडा. तीनच.

दहापर्यंत मोजणं लिहायला सोपं आहे. करायला घ्या म्हणजे कळेल, तीनवरच आपलं तोंड उघडतं. मोठ्यांना शांतता सहन होत नाही. पण या मुलाला ऐकलेलं समजायला, शब्द शोधायला, तोंड हलवायला वेळ लागतो, आणि त्याची पाळी येण्याआधीच आपण ती खाऊन टाकतो.

नेहमीच्या चुका:

‘पाणी म्हण, मग देते.’ मूल तहानेलं, आई पेला उंच धरून उभी. यातून शब्द येत नाही, भांडण येतं. मुलाने बघितलं, हात पुढे केला, आवाज काढला, काहीही केलं तरी पेला द्या आणि देताना ‘पाणी’ म्हणा.

‘हे काय? ते काय? कलर कुठला?’ दिवसभर परीक्षा. प्रश्न कमी करा, जे दिसतंय ते सांगा. ‘हे काय?’ ऐवजी ‘गाडी. गाडी गेली.’

‘असं नाही, नीट बोल.’ मूल साखरेला ‘तातर’ म्हणालं तर ‘हो, साखर! गोड साखर’ म्हणा. बरोबर रूप त्याच्या कानावर पडलं, काम झालं. ‘बाबा गेली’ म्हणालं तर ‘हो, बाबा गेले’. हसू नका, दुरुस्त करून म्हणवून घेऊ नका.

लांबलचक वाक्यं. मूल एकही शब्द बोलत नसेल तर तुम्ही एक-दोन शब्दांत बोला. ते एक बोलायला लागलं की त्यात एक घाला: ‘गाडी’ला ‘मोठी गाडी’, ‘भाकरी’ला ‘भाकरी दे’.

हातवारे किंवा चित्रं दाखवली तर मूल बोलायचंच नाही, ही भीती सोडा. बोट करणं, टाटा, ‘दे’चा हात ही बोलण्याच्या आधीची पायरी आहे.

## टप्पा ६: घरात तीन भाषा असतील तर

सोलापुरात हा प्रश्न प्रत्येक दुसऱ्या घराचा. आई-बाबा घरात तेलुगू, गल्लीत मराठी, शेजारी कन्नड, समोरच्या दुकानात दख्खनी, आणि शाळा इंग्रजी हवी. मग कुणीतरी सांगतं, ‘म्हणूनच गोंधळलाय, एकच भाषा ठेवा.’ आणि तेलुगूच ज्यांची मायबोली ते आई-बाबा मुलाशी मोडकं इंग्रजी बोलायला लागतात.

जास्त भाषांमुळे बोलण्याला उशीर होत नाही. उशीर असेल तर तो सगळ्याच भाषांत दिसतो. ऑटिझम असलेल्या मुलाच्या बाबतीतही घरची भाषा तोडायला कारण नाही. तुम्हाला ज्या भाषेत गाणं, रागावणं, लाड करणं सहज येतं, त्याच भाषेत बोला. जी भाषा बोलताना तुम्हाला शब्द शोधावे लागतात, तिच्यात मुलाला काय देणार?

वहीतली शब्दांची यादी सगळ्या भाषा मिळून करा. मूल आईकडे ‘दूध’ आणि आज्जीकडे ‘पालु’ म्हणत असेल तर ते दोन शब्द मोजा. एका मुलीच्या वहीत बाबांनी लिहिलं होतं, ‘उगाच बा, बा करते, अर्थ नाही.’ तिला दिवसभर सांभाळणाऱ्या शेजारच्या कन्नड अज्जींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘अहो, ती मला ये म्हणते!’ कन्नडमध्ये ‘बा’ म्हणजे ‘ये’. अर्थाचा, दुसऱ्याला बोलावणारा शब्द महिनाभर वहीत बडबड म्हणून पडून होता.

तपासून घ्या: थेरपिस्टला घरातल्या सगळ्या भाषा सांगितल्या का? त्यांना तुमची भाषा येत नसेल तर शब्दांची यादी तुम्ही करून द्या.

## टप्पा ७: तीन महिन्यांनी पुन्हा मोजा

पहिल्या टप्प्यातला आठवडा जसाच्या तसा पुन्हा करा. तीच वही, तसेच व्हिडिओ. फक्त शब्दांचा आकडा बघू नका. बदल बहुधा या क्रमाने येतात: आधी जास्त वेळ तोंडाकडे बघतं, मग बोट करतं, मग जास्त समजतं, मग आवाज वाढतात, मग शब्द. तीन महिन्यांत शब्द दोनच वाढले पण मूल आता बोट करून विमान दाखवतंय, तर ते पुढे सरकतंय. घरचे इथेच कंटाळून थेरपी सोडतात, तेव्हा मला फार वाईट वाटतं.

काहीच हललं नसेल तर थेरपिस्टशी बसून उद्दिष्ट बदला, कान पुन्हा तपासा, आणि वाढ-विकासाच्या तज्ज्ञ बालरोगतज्ज्ञांचं मत घ्या. दर दोन महिन्यांनी थेरपिस्ट बदलत राहिलात तर प्रत्येक ठिकाणी मूल पहिल्या दिवसापासून सुरू करतं.

पहिलं वाक्य आलं की थांबू नका. तीन वर्षांपर्यंत तीन-चार शब्दांची वाक्यं आणि परक्या माणसाला बरंचसं कळेल इतकं स्पष्ट बोलणं, इथवर जायचं आहे.

कागदपत्रांबद्दल थोडं. नुसत्या उशिरासाठी अपंगत्वाचं प्रमाणपत्र मिळत नाही आणि त्याची गरजही नसते. श्रवणदोष किंवा ऑटिझमचं निदान झालं तर मात्र लाजू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत हे दोन्ही येतात. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रासाठी, अर्ज करा. ऑटिझमसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे, तिच्यात थेरपीचा खर्चही बसतो.

## टप्पा ८: बालवाडीत पाठवताना

‘मुलांत गेला की बोलेल’ म्हणून अडीच वर्षांच्या न बोलणाऱ्या मुलाला चाळीस मुलांच्या वर्गात सोडलं तर ते कोपऱ्यात बसतं. पाठवायला हरकत नाही, पण आधीचे टप्पे चालू ठेवून, आणि शक्य तितका छोटा वर्ग बघून.

पहिल्या दिवशी बाईंच्या हातात एक कार्ड द्या. पोस्टकार्डाएवढं, मोठ्या अक्षरात. माझ्याकडे येणाऱ्या एका तेलुगू घरातल्या मुलाचं कार्ड असं होतं:

‘नी’ म्हणजे पाणी हवंय. पॅन्टला हात लावला म्हणजे शूला जायचंय. ‘बू’ म्हणजे शूज काढायचेत. नावाने हाक मारा, समोर बसून, हळू. उत्तराला दहा आकडे थांबा. सगळ्यांसमोर ‘बोल’ म्हणू नका. गाणं म्हणताना शेवटचा शब्द सोडा, तो म्हणतो.

बाईंनी ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. महिन्याभराने ‘नी’चं ‘नीळ्ळु’ झालं होतं आणि ‘शू’ तोंडाने यायला लागलं होतं, म्हणून आईने नवं कार्ड लिहून दिलं. तुम्हीही दर महिन्याला नवं लिहा. जुनं फेकू नका, वहीत तारीख घालून चिकटवा. पुढच्या तपासणीला ते मला बघायचं असतं.